बियांकी : सेलेस्ते (निळसर-हिरव्या) सायकली, त्यांवरचे विजेते आणि थोडं नटबोल्टचं

चकती_बावन्न (धागालेखक)

बियांकी या इटालियन सायकल कंपनीचा विषय निघाला की चर्चा कोप्पी या रेसरपासून सुरू होते आणि पांतानी या रेसरपाशी संपते. आधीची साठ वर्षं आणि मधली चाळीस वर्षं गुल! त्यात कोप्पीचा प्रत्येक पराक्रम डोळे झाकून बियांकीच्या खात्यावर टाकायची पद्धत पडली आहे. म्हणून कोण कुठल्या साली कुणाच्या फ्रेमवर होता, हे एकत्र मांडतोय. भर घाला, चुकलं तर कान धरा.

सुरुवात १८८५ ची. एदोआर्दो बियांकी हा वैद्यकीय उपकरणं बनवणारा कारागीर, जन्म १८६५ चा, म्हणजे जेमतेम विशीतला. त्याने मिलानमध्ये विया निरोने, ७ नंबर या पत्त्यावर छोटंसं वर्कशॉप काढलं. त्याच साली इंग्लंडात स्टार्लीची 'रोव्हर' आली होती, दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि चेन मागच्या चाकाला. उंच पुढच्या चाकाच्या सायकलींचे दिवस भरले होते आणि बियांकीने ते वेळेत ओळखलं. १८८८ चा डनलॉपचा हवेचा टायरही त्याने लवकर उचलला. भरीव रबरावर दगडी रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट फ्रेमच्या जोडांवर जातो. टायरमध्ये हवा आली, तशा नळ्या हलक्या करता आल्या.

१८९५ मध्ये राणी मार्गेरितासाठी सायकल बनवली आणि तिला चालवायला शिकवायला हा गडी स्वतः मोंझाच्या राजवाड्यात गेला. जाहिरात म्हणून याहून वर काय हवं! रेसिंगमधलं पहिलं मोठं नाव जोव्हानी तोमासेल्ली. त्याने १८९९ मध्ये ग्रां प्री द पारी ही ट्रॅकवरची स्प्रिंट जिंकली. जिरो दितालिया (इटलीची अनेक टप्प्यांची शर्यत) १९०९ ला सुरू झाली आणि १९११ चा विजेता कार्लो गालेत्ती बियांकीवर होता. (१९१० ची जिरोही त्याचीच, पण ती 'आताला' या दुसऱ्या कंपनीच्या सायकलवर. इथे नेहमी गल्लत होते.) १९२० ला गाएतानो बेल्लोनीने पुन्हा बियांकीसाठी जिरो मारली. दरम्यान कंपनी मोटारी आणि मोटारसायकलीही काढत होती, पहिल्या महायुद्धात इटालियन सैन्याच्या बेर्सालिएरी पलटणीला घडीच्या सायकली पुरवत होती, आणि पुढे मोटारींच्या शर्यतींत गाजलेला तात्सिओ नुव्होलारी १९२० च्या दशकात बियांकीच्या ३५० सीसी मोटारसायकलीवर शर्यती मारत होता.

आता कोप्पीचा हिशेब. १९४० ची जिरो त्याने विसाव्या वर्षी जिंकली, ती लेन्यानो संघाकडून. कॅप्टन होता बार्ताली. नोव्हेंबर १९४२ मध्ये मिलानच्या व्हिगोरेल्ली ट्रॅकवर ४५.७९८ किलोमीटरचा तासाचा विक्रम (एका तासात कापलेलं अंतर) केला, तेव्हाही तो लेन्यानोचाच. त्यानंतर युद्ध आणि ट्युनिशियात कैद. बियांकीची जर्सी अंगावर आली ती युद्ध संपल्यावर. तिथून पुढे १९४६ ची मिलान-सान रेमो ही एका दिवसाची शर्यत, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ या चार जिरो, १९५० ची पॅरिस-रुबे (तीही एका दिवसाची). एकूण पाच जिरोंपैकी एक लेन्यानोची, चार बियांकीच्या.

संस्थापक बियांकी १९४६ मध्येच मोटार अपघातानंतर वारला. म्हणजे कंपनीचा सर्वात मोठा काळ त्याने पाहिलाच नाही.

गिअरवाला_अण्णा

मस्त धागा. पण १९४९ आणि १९५२ चा तूर द फ्रान्स यादीत का नाही? तेही कोप्पीचेच ना?

चकती_बावन्न

अण्णा, ते मुद्दाम वेगळे ठेवले. १९३० ते १९६१ तूर द फ्रान्स राष्ट्रीय संघांमध्ये व्हायचा, व्यापारी संघांमध्ये नाही. कोप्पी तिथे इटलीच्या संघात, मॅनेजर आल्फ्रेदो बिंदा, आणि त्याच संघात बार्ताली! सायकल मात्र बियांकीचीच.

सायकल आपलीच असण्याला किती किंमत होती ते १९४९ च्या रुआं ते सां-मालो टप्प्यावर दिसतं. जाक मारिनेल्लीशी धडक होऊन कोप्पीची सायकल मोडली. जवळच्या गाडीवर दुसरी सायकल होती, पण ती त्याची नव्हती. त्याची स्वतःची दुसरी सायकल बिंदाच्या गाडीवर, आणि ती गाडी मागे राहिलेली. कोप्पी अडून बसला. त्या टप्प्यानंतर तो पिवळ्या जर्सीवाल्या (म्हणजे एकूण वेळेत आघाडीवरच्या) मारिनेल्लीपेक्षा ३६ मिनिटं ५५ सेकंद मागे होता. पॅरिसला पोचेपर्यंत तोच पहिला, आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या बार्तालीपेक्षा १० मिनिटं ५५ सेकंद पुढे.

पितळी_घंटी

"अडून बसला" हे नखरे वाटतात, पण त्या काळच्या सायकलीच्या हिशेबाने ते रास्त होतं. आज सीटपोस्ट (सीटखालची दांडी) ढिला करून दोन मिनिटांत उंची जमते. तेव्हा प्रत्येक रेसरची फ्रेम त्याच्या मापाने ब्रेझ केलेली (नळ्या पितळेने जोडलेली). क्रँकची (पायडलच्या दांडीची) लांबी वेगळी, पाय पायडलला धरून ठेवणाऱ्या टो-क्लिपचा पट्टा वेगळा, बुटाच्या तळाला ठोकलेल्या पट्टीची खाच त्याच पायडलला बसणारी. कोप्पीचे पाय लांब आणि धड आखूड. दुसऱ्याच्या फ्रेमवर त्याची सीट हवी तितकी वर गेलीच नसती. सीट दीड-दोन सेंटिमीटर खाली ठेवून २०० किलोमीटर रेटले तर गुडघा दुसऱ्या दिवशी जाब विचारतो. शिवाय गिअर बदलायची पद्धत सायकलीगणिक निराळी होती. कांपान्योलो कंपनीचा 'काम्बियो कोर्सा' गिअर वापरणाऱ्याला सिंप्लेक्सचा गिअर दिला तर हात भलत्याच जागी जाणार.

गिअरवाला_अण्णा

काम्बियो कोर्साबद्दल जरा सविस्तर लिहा की. चित्रात दोन लांब दांड्या दिसतात, पण चालायचं कसं ते कळत नाही.

पितळी_घंटी

लिहितो. आज जो मागचा डिरेलर दिसतो, दोन छोट्या चाकांतून चेन फिरवून ताण धरणारा, तो इथे नाहीच. उजव्या बाजूच्या सीट-स्टेवर (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीवर) दोन दांड्या, वर त्यांना मुठी. एक दांडी मागच्या चाकाचा क्विक रिलीज (चाकाची पकड) सैल करते. दुसऱ्या दांडीच्या खालच्या टोकाला छोटा दुफाट्या, तो चेनच्या वरच्या बाजूला धरून डावी-उजवीकडे ढकलतो.

गिअर बदलताना क्रम असा :

पायडलचा जोर काढायचा. मागे हात नेऊन पहिल्या मुठीने चाक सैल करायचं. पायडल उलटं फिरवायला लागायचं. उलटंच का? चेन सरकवायची तर ती चकतीवर (दातेरी चक्रावर) जिथून *चढते* तिथे ढकलावी लागते. सुलट मारताना चेन मागच्या चकतीवर खालून चढते, आणि दुफाट्या तर वर आहे. उलट मारलं की वरची बाजू चढती होते. मग दुसऱ्या मुठीने चेन हव्या त्या चकतीवर ढकलायची, एक-दोन पायडल सुलट मारून चाक आपल्या जागी येऊ द्यायचं, आणि पहिल्या मुठीने पुन्हा आवळायचं. हे सगळं चालत्या सायकलवर, मागे वाकून, घाटात!

ताण धरायला वेगळा भाग नाही, त्यामुळे चाकच पुढे-मागे सरकतं. ते तिरकं होऊ नये म्हणून ड्रॉपआउटच्या (फ्रेममध्ये एक्सल बसतो त्या खाचेच्या) आतल्या कडेला दाते कापलेले असतात आणि एक्सलच्या दोन्ही टोकांना त्यांत बसणारी दातेरी चाकं. किती सरकतं याचा हिशेब सोपा आहे. चेनची एक कडी अर्धा इंच, १२.७ मिमी. मागची चकती एका दाताने मोठी झाली की तिच्याभोवती अर्धी कडी जास्त गुंडाळली जाते आणि ती वरच्या-खालच्या दोन पदरांत वाटून निघते, म्हणून एक्सल पाव कडी, सुमारे ३.२ मिमी पुढे येतो. १४ वरून २० वर गेलात तर जवळपास १९ मिमी. पुढे तीन दातांच्या फरकाच्या दोन चकत्या असतील तर आणखी साडेनऊ मिमी. म्हणजे ड्रॉपआउटमध्ये निव्वळ सरकण्यासाठी तीन सेंटिमीटरच्या आसपास जागा लागते. मोठ्या गिअरफरकाच्या चकत्या या सायकलींवर का दिसत नाहीत, त्याचं उत्तर इथे आहे.

फायदा एकच पण खणखणीत : मधे चाकं नाहीत, चेन सरळ, घर्षण कमी. तोटे बरेच. चाक सैल असताना खड्डा आला तर ते दात्यांवरून उडी मारतं आणि एका बाजूला एक घर पुढे बसतं. मग रिम ब्रेकच्या रबराला घासतो. चाक पुढे-मागे झाल्यावर ब्रेक रिमवर बसण्याची जागाही किंचित बदलते, त्यामुळे रबर नीट मधोमध लावावं लागतं.

पुढचा 'पारी-रुबे' गिअर म्हणजे हीच कल्पना एका मुठीत. कोप्पीने १९५० ची पॅरिस-रुबे त्यावर जिंकली. १९४९ च्या तूरला मात्र त्याच्या बियांकीवर फ्रेंच सिंप्लेक्स होता. तेव्हा कोप्पीची सायकल म्हणून जे काही विकायला येतं, त्यावर कुठल्या सालचा गिअर आहे ते आधी बघा. १९४९ तूर म्हणून सांगताहेत आणि मागे समांतर चौकटीचा 'ग्रान स्पोर्ट' डिरेलर लटकतोय, तर तिथेच नमस्कार करून निघा. तो बाजारात त्यानंतर आला.

ढिली_चेन

चेन किती कड्यांची ठेवायची मग? अशी सायकल पुन्हा उभी करणाऱ्यांचा घोळ तिथेच होतो.

पितळी_घंटी

सगळ्यात लहान चकतीवर चेन घ्या, एक्सल ड्रॉपआउटच्या मागच्या टोकापासून दोन दाते पुढे ठेवा, आणि चेन बोटाने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर खाली जाईल इतकी ठेवून जोडा. मग सगळ्यात मोठ्या चकतीवर घेऊन बघा. एक्सल पुढच्या टोकाला टेकत असेल तर चकत्यांचा फरकच जास्त आहे, कडी वाढवून काही होणार नाही. वाढवलीत तर लहान चकतीवर चेन लोंबणार. आणि नवी आठ-नऊ गिअरची चेन लावू नका, जुन्या जाड दात्यांवर ती अडकते.

सुलटा_आटा

कोप्पीचं कौतुक चाललंय, पण बियांकीचा खरा जोर त्याच्यामागच्या माणसांत होता. इटालियन भाषेत त्यांना 'ग्रेगारी' म्हणतात. पाणी आणणारे, चाक काढून देणारे, वाऱ्यात पुढे राहणारे. आंद्रेया कार्रेया, एत्तोरे मिलानो, भाऊ सेर्से कोप्पी. मालीश आणि सराव बघायला ब्याजियो काव्हान्ना, जो आंधळा होता आणि रेसरचे पाय हाताने चाचपून त्याची तयारी ओळखायचा.

१९५२ च्या तूरमध्ये कार्रेया लोझानच्या टप्प्यावर एका फुटलेल्या गटावर नजर ठेवायला म्हणून गेला. गट इतका पुढे पोचला की पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर आली, आणि हा बापडा रडायला लागला, की आता साहेब काय म्हणतील! दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझचा घाट, तूरमध्ये पहिल्यांदाच आलेला. कोप्पीने टप्पाही जिंकला आणि जर्सीही घेतली. शेवटी दुसऱ्या आलेल्या स्टान ओकर्सपेक्षा तो २८ मिनिटं १७ सेकंद पुढे होता.

सेर्सेचं नाव पॅरिस-रुबेच्या यादीतही आहे, १९४९. आंद्रे माहे पहिला आला, पण शेवटच्या वेलोड्रोमजवळ (सायकलींच्या ट्रॅकच्या मैदानाजवळ) त्याला चुकीच्या वाटेने पाठवलं गेलं होतं. मागच्या गटाची स्प्रिंट सेर्सेने जिंकली, तक्रारी झाल्या, आणि अनेक महिन्यांच्या वादानंतर दोघांना विजेते ठरवलं. १९५१ मध्ये पिएमोंतेच्या शर्यतीत सेर्से पडला आणि त्याच दिवशी गेला.

घाटमाथा

१९५३ चा स्तेल्व्हियो विसरलात. जिरोमध्ये हा घाट प्रथमच, उंची २७५८ मीटर, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. गुलाबी जर्सीत (जिरोमधल्या आघाडीवीराच्या) ह्युगो कोब्लेट. कोप्पीने तिथे त्याला मागे टाकलं आणि जिरो १ मिनिट २९ सेकंदांनी जिंकली. त्याच वर्षी लुगानोला विश्वविजेताही झाला. बियांकीसाठी याहून मोठं वर्ष दाखवता येणार नाही. १९५६ पासून तो कार्पानो-कोप्पी संघाकडे, नंतर थोडा काळ परत बियांकी. २ जानेवारी १९६० ला मलेरियाने गेला. अप्पर व्होल्टाच्या (आजच्या बुर्किना फासोच्या) दौऱ्यात लागण झाली होती आणि निदान चुकलं.

चकती_बावन्न

आता मधली चाळीस वर्षं थोडक्यात.

फेलिचे जिमोंदीने १९६५ चा तूर जिंकला तो साल्व्हारानी संघाकडून. बियांकीच्या काळातलं त्याचं सोनं १९७३ चं : बार्सिलोनाला मोंजुइकच्या टेकडीवर विश्वविजेतेपद, आणि स्प्रिंटमध्ये मागे कोण, तर मार्टेन्स, ओकान्या, मेर्क्स! १९७४ ची मिलान-सान रेमो त्याने विश्वविजेत्याच्या इंद्रधनुषी जर्सीत मारली आणि १९७६ ला तिसरी जिरो. १९७८ ची जिरो बेल्जियमच्या योहान डे मॉयंकने जिंकली, संघ बियांकी-फाएमा. १९८२ ची लिएज-बास्तोन-लिएज सिल्व्हानो कोंतिनीची. मोरेनो आर्जेंतीनने हीच शर्यत १९८५, ८६ आणि ८७ अशी लागोपाठ तीनदा नेली आणि १९८६ ला कोलोराडो स्प्रिंग्जला विश्वविजेता झाला, सगळं बियांकीवर.

कंपनी १९८० मध्ये पियाज्योकडे गेली आणि १९९७ मध्ये स्वीडनच्या ग्रिमाल्डी यांच्या सायकलयुरोपकडे. मुख्यालय आजही इटलीत, बेर्गामोजवळ त्रेव्हिल्योला.

ढिली_चेन

याच काळातल्या फ्रेम जास्त दिसतात बाजारात. सत्तर-ऐंशीची सेलेस्ते फ्रेम समोर आली तर रेसिंगची की नुसती रंगवलेली, कसं ओळखायचं? फ्रेमवरच्या नंबरवरून कळतं?

सुलटा_आटा

नंबरच्या भरवशावर राहू नका आणि स्टिकरवर तर मुळीच नको. स्टिकर नवे छापून मिळतात. व्हर्निअर घ्या.

पहिलं माप सीटपोस्टचं. सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी. कोलुम्बस कंपनीची एसएल नळी असेल तर वरच्या टोकाला जाडी ०.६, म्हणून आतला व्यास २७.४ आणि पोस्ट २७.२. एसपी ही थोडी जाड नळी, वर ०.७, तिला पोस्ट २७.०. पोस्ट २६.६ किंवा खाली निघाली तर नळी जाड, म्हणजे फ्रेम खालच्या दर्जाची. एक सापळा : कुणीतरी २७.२ च्या जागी २७.० घालून बोल्ट करकचून आवळलेला असतो. सीटमागच्या लगचे (नळ्या जोडणाऱ्या तुकड्याचे) दोन कान आत वाकलेत का बघा. वाकले असतील तर आधी ते सरळ करा, मगच माप घ्या.

दुसरं, ड्रॉपआउट. घडीव असतील तर जाड, कडा गोलसर, कांपान्योलोचं नाव कोरलेलं. छापीव पत्र्याचे असतील तर कडा सरळ कापल्यासारख्या आणि दोन्ही बाजूंनी एकसारखे सपाट. मागची रुंदीही मोजा : ५ गिअर १२०, ६-७ गिअर १२६, ८ आणि पुढे १३० मिमी. १२६ च्या फ्रेममध्ये १३० चं चाक हाताने फाकवून बसतं, पण दोन्ही ड्रॉपआउट समांतर राहत नाहीत आणि एक्सल वाकतो. आधी दोन्ही बाजूंना सारखं फाकवून ड्रॉपआउट सरळ करून घ्यावे.

तिसरं, बीबीची (बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो तिथली) नळी. इटलीत बनलेली असेल तर रुंदी ७० मिमी, आटे ३६ मिमी × २४ टीपीआय (इंचाला २४ आटे). ऐंशीच्या दशकात बियांकीच्या नावाने जपानमध्ये बनून अमेरिकेत विकल्या गेलेल्या फ्रेमना इंग्लिश आटे असतात : ६८ मिमी रुंदी, १.३७० इंच × २४ टीपीआय. आतला व्यास इंग्लिशचा ३४ च्या आत, इटालियनचा ३५ च्या जवळ. जपानी म्हणजे वाईट असं नाही हं, उलट वेल्डिंग-ब्रेझिंग नेटकं असतं. फक्त इटालियन कप (बेअरिंगची वाटी) त्यात कोंबू नका.

गिअरवाला_अण्णा

इटालियन बीबीचा उजवा कप सारखा सैल का होतो? कितीही आवळा, चारशे-पाचशे किलोमीटरनंतर कुरकुर सुरू.

सुलटा_आटा

कारण दोन्ही बाजूंना सुलटे आटे. उजवीकडून बघा : पायडल मारताना एक्सल घड्याळाच्या दिशेने फिरतो. भार एकाच जागी नसतो, तो छर्ऱ्यांवरून फिरत राहतो, आणि कप अगदी सूक्ष्म प्रमाणात उलट दिशेने लोळत जातो. उजव्या कपाला उलट दिशा म्हणजे उघडायची दिशा. डावीकडे हेच गणित आवळायच्या बाजूने जातं, म्हणून डावा कप सहसा त्रास देत नाही. इंग्लिश पद्धतीत उजवीकडे उलटे आटे देतात ते एवढ्यासाठी.

उपाय : दोन्हीकडचे कप काढा, आटे रॉकेल आणि ताठ ब्रशने स्वच्छ करा, जुनं ग्रीस राहता कामा नये. नळीच्या कडेवर रंग साचला असेल तर तो खरवडून कड सपाट करून घ्या, नाहीतर कप तिरका बसतो आणि रंग दबला की पुन्हा सैल. उजव्या कपाच्या आट्यांना मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावा. तिथे ग्रीस नको. फिक्स्ड कपचा खास पाना असतो, जो कप दोन्हीकडून पकडतो, तोच वापरा. साधा पाना कपाच्या दोन सपाट बाजूंवरून निसटतो आणि त्या गोल करून टाकतो. लांब दांड्याने पूर्ण जोर लावून आवळा आणि रात्रभर राहू द्या.

मग छर्रे : पाव इंची, प्रत्येक बाजूला ११. पिंजऱ्यात असतील तर पिंजऱ्याची उघडी बाजू कपाकडे. डावा कप हळूहळू आत घ्या, एक्सलची खडखड थांबेल पण फिरताना खरखर येणार नाही अशा जागी लॉकरिंग आवळा. आवळताना कप थोडा आत फिरतो, म्हणून किंचित ढिलं ठेवून सुरुवात करा.

इंग्लिश नळीचे आटे गेले असतील तर ती कापून इटालियन करता येते, कारण ३४.८ वरून ३६ वर जायला धातू शिल्लक असतो. इटालियन नळीचे आटे गेले तर मागे जाता येत नाही. मग दोन्हीकडून आवळून बसणारी, आट्यांशिवायची बंद बीबी लावायची.

रंगारी

सेलेस्ते रंगाबद्दल कुणीच बोललं नाही! राणीच्या डोळ्यांचा रंग, मिलानचं आकाश, उरलेला लष्करी रंग अशा तीन कथा सांगतात. तिन्ही ऐकायला छान, इतकंच.

डाग भरणाऱ्यांसाठी : 'बियांकी सेलेस्ते' असा एक रंग नाही. पन्नासच्या दशकातल्या फ्रेम निळसर, सत्तर-ऐंशीतल्या हिरवट, आणि वरचं क्लिअर कोट पिवळं पडलं की जुना निळसरही हिरवा दिसतो. म्हणून नमुना उघड्या नळीवरून घेऊ नका. डिरेलरच्या पट्ट्याखालचा किंवा पंपाच्या खुंटीआडचा रंग बघा, तिथे ऊन लागलेलं नसतं. मात्र भरायचा डाग उघड्यावर असेल तर रंग आजूबाजूच्या पिवळटपणाशी जुळवा, मूळ रंगाशी नाही, नाहीतर ठिगळ लांबून ओरडतं.

घाटमाथा

पांतानीकडे येऊ या. १९९८, मेर्कातोने उनो-बियांकी, अॅल्युमिनियमची फ्रेम. जिरोत पावेल तोंकोव्हपेक्षा १ मिनिट ३३ सेकंदांनी, तूरमध्ये उलरिकपेक्षा ३ मिनिटं २१ सेकंदांनी पुढे. तूरमध्ये २७ जुलैला गालिबियेच्या घाटावर थंड पावसात हल्ला चढवला आणि ले द्यू-झाल्पला पोचेपर्यंत उलरिकची जवळपास नऊ मिनिटं गेली. एकाच वर्षी जिरो आणि तूर हे आजवर १३ वेळा झालंय. त्यांतले तीन बियांकीवर : १९४९, १९५२, १९९८.

पण मला जास्त आवडतो तो ३० मे १९९९ चा, जिरोमधला ओरोपाचा चढ. चढ सुरू होताना चेन पडली. उतरून हाताने बसवली, संघातल्या माणसांनी पुढे ओढत नेलं, आणि वर जाईपर्यंत ४९ जणांना मागे टाकून टप्पा जिंकला. शेवटचा मागे टाकलेला लोरां जालाबेर.

ढिली_चेन

माझं नाव या प्रसंगावरूनच :) चढ लागतानाच चेन का पडते, तर मोठ्या चकतीवरून लहानवर यायची घाई आणि त्याच क्षणी मागेही गिअर बदललेला. दोन्हीकडून चेन एकदम ढिली होते आणि लहान चकतीच्या आत उडी मारते. पुढचा डिरेलर असा बसवा : पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चकतीच्या दात्यांपासून १ ते ३ मिमी वर आणि चकतीला समांतर. मग पुढे लहान, मागे सर्वात मोठी चकती घ्या. आतली पट्टी चेनपासून अर्धा ते एक मिमी दूर राहील तिथे आतला स्क्रू थांबवा. एवढं करूनही पडत असेल तर लहान चकतीचा एखादा दात वाकलाय का आणि चेनची कडी अडकतेय का बघा. नाहीतर सरळ चेन कॅचर (चेन आत पडू न देणारा आकडा) लावा, दहा ग्रॅमच्या आसपासचं काम.

पडलीच आणि वेग थोडा तरी असेल तर उतरायच्या आधी पुढचा डिरेलर मोठ्या चकतीकडे टाकून हलकेच पायडल मारा. बरेचदा ती आपोआप वर चढते. चेन फ्रेम आणि चकतीच्या मधे रुतली असेल तर मात्र अजिबात जोर लावू नका, कार्बन फ्रेमचा चेन-स्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) खरवडून निघतो.

सुलटा_आटा

ओरोपानंतर सहाच दिवसांनी, ५ जून १९९९ ला माडोन्ना दि काम्पिल्योला रक्तातलं हेमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचं प्रमाण) ५२ टक्के निघालं, मर्यादा ५० ची, आणि गुलाबी जर्सीतला पांतानी बाहेर. २०१३ च्या फ्रेंच सिनेटच्या अहवालात १९९८ च्या तूरमधल्या त्याच्या नमुन्यांत ईपीओ (तांबड्या पेशी वाढवणारं, बंदी असलेलं द्रव्य) आढळल्याचं आलं. विजय अधिकृत यादीत आहेत, पण चेन कॅचरच्या गप्पांत हे गाळून चालणार नाही. १४ फेब्रुवारी २००४ ला रिमिनीत तो गेला.

घाटमाथा

गाळायचं नव्हतंच. त्या काळातल्या कुणाच्याही नावापुढे हे लिहावं लागतं.

चकती_बावन्न

बरोबर, मूळ धाग्यात जोडतो.

पुढचं : २००३ ला कोस्ट संघ बुडाला आणि हंगामाच्या मधेच 'टीम बियांकी' उभा राहिला. उलरिक त्याच संघाकडून तूरमध्ये ६१ सेकंदांनी दुसरा आला. शेवटच्या टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाविरुद्धच्या टप्प्याला) नांतच्या ओल्या रस्त्यावर घसरला आणि तिथेच आशा संपली. २०१४ ते २०२० बेल्किन संघ आणि त्याचंच पुढचं रूप म्हणजे जंबो-व्हिस्मा. रोगलिचच्या २०१९ आणि २०२० च्या व्हुएल्ता (स्पेनची टप्प्यांची शर्यत) आणि व्हान आर्टची २०२० ची मिलान-सान रेमो या बियांकीवरच्या. त्या संघाने २०२१ पासून सेर्व्हेलो कंपनीच्या सायकली घेतल्या.

गिअरवाला_अण्णा

या नव्या फ्रेमवर 'सीव्ही' लिहिलेलं असतं ते काउंटरव्हेल का? आणि त्याने खरंच फरक पडतो?

पितळी_घंटी

हो, काउंटरव्हेल. कार्बनच्या थरांमध्येच कंप शोषणारा चिकट-लवचिक राळेचा थर दिलेला असतो. बारीक, भरभर येणारी थरथर त्याने कमी होते, मोठा दणका नाही. दणक्याला टायरची हवाच उपयोगी. २३ मिमी रुंदीचे टायर आठ बारला फुगवून "फ्रेम कडक लागते" म्हणणाऱ्यांनी आधी २८ चे घालून पाच-साडेपाच बारवर चालवून बघावं. फक्त चेन-स्टे आणि ब्रेकखाली २८ ला जागा आहे का ते मोजा. जुन्या रिम ब्रेकवाल्या फ्रेममध्ये २५ च्या वर बहुतेकदा घासतं, आणि छापील २५ चा टायर रुंद रिमवर २७ भरतो.